सेकंदकाटा नसलेलं घड्याळ

घड्याळाला सेकंदकाटा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत, टेबलावर डबा उघडा ठेवून, डाव्या हातात मोबाईल धरून तो नेहमीसारखी बाबांची खोली बघत होता आणि त्याला एवढंच दिसलं. बाकी सगळं जागच्या जागी होतं. पलंग, पलंगावर बाबा, छातीपर्यंत ओढलेली चादर, चादरीवर ठेवलेला उजवा हात, खिडकीचे जाड पडदे, पलंगाच्या वर भिंतीवर घड्याळ. एक वाजून दहा मिनिटं. तासकाटा होता, मिनिटकाटा होता. तिसरा नव्हता. त्याने तोंडातला घास चावायचा थांबवला नाही. पडला असेल, असं त्याला आधी वाटलं. जुन्या घड्याळांचे काटे पडतात. पण हे घड्याळ जुनं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी त्यानेच ते भिंतीवर लावलेलं, ज्या दिवशी कॅमेरा लावला त्याच दिवशी, त्याच शिडीवरून. ताई खाली शिडी धरून उभी होती. "बारक्या, वाकडं आहे." "सरळ आहे, ताई." "हो, तुझ्यासारखंच सरळ आहे." सेकंदकाटा काळा होता, केसाएवढा बारीक, आणि सेल घातल्यावर तो एकदा मागे जाऊन मग पुढे निघाला हेसुद्धा त्याला आठवत होतं. त्याने खिशातून इअरफोन काढून कानात घातला. टक. टक. टक. घड्याळ व्यवस्थित चाललेलं. आवाज येत होता आणि काटा नव्हता. त्याने डब्याचं झाकण लावलं. भाजी थोडी उरली होती, ती तशीच राहिली.

त्याचं काम चित्रं स्वच्छ करायचं. ऑफिसात त्यांच्या टीमला सगळे सफाई खातं म्हणायचे. अंधारात कॅमेऱ्याला दिसत नाही असं लोक म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. दिसतं, पण फार थोडं, आणि त्या थोड्यात कॅमेरा पदरचं पुष्कळ घालतो. उजेड मुळात सलग येतच नाही, कणाकणाने येतो. दिवसा इतके कण पडतात की कळत नाही. अंधारात एकेका ठिपक्यावर चार पडतात, कधी दोन, कधी सात, म्हणून एकाच रंगाची भिंतसुद्धा वाळू सांडल्यासारखी दिसते. त्यात कॅमेऱ्याचा सेन्सर तापतो, आणि तापला की काही नसताना काहीतरी आहे असं सांगायला लागतो. भिंगावर झाकण घालून फोटो काढला तर काळाकुट्ट यायला हवा, पण तसा कधीच येत नाही. त्यात दाणे असतात. ते कॅमेऱ्याचं स्वतःशी पुटपुटणं. नोकरीला लागला तेव्हा पहिले दोन महिने तो नुसते झाकण लावलेले फोटो काढत बसायचा, शेकड्यांनी, आणि त्याला ते काम मनापासून आवडलेलं. कुठल्या कॉलेजात तो हे शिकला नव्हता. भंगारातले कॅमेरे उघडून, लोकांनी नेटवर टाकलेलं वाचून, चुकत चुकत शिकला होता. पण एक गोष्ट त्याला कोणी शिकवावी लागली नाही. सोळा फ्रेम एकावर एक ठेवल्या की दाणे एकमेकांना खातात, चौथा हिस्सा उरतो. जे प्रत्येक फ्रेममध्ये आहे ते खरं. जे येतं आणि जातं ते दाणे. ते पुसायचं. माणूस उठला, दार उघडलं, तर फिल्टर, म्हणजे हे पुसणारा त्यांचा प्रोग्रॅम, ते ओळखतो आणि सोडून देतो, कारण खरं हलणारं भरपूर हलतं. थोडंसं हललं तर त्याला तो दाणाच समजतो. थोडंसं म्हणजे किती, तो आकडा त्याने ठरवला होता. आठ महिन्यांपूर्वी तो आकडा त्याने वाढवला आणि चित्र असं शांत झालं की मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, हे अंधारातलं आहे की दिवसाचं. त्या दिवशी सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. त्याला पाठीवर थाप आवडत नाही. पण चित्र आवडलं होतं.

शांतता त्याला लहानपणापासून हवी होती, आणि ती नव्हती. बाबा शिंपी. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये फक्त एक पडदा, आणि पडद्यापलीकडे दिवसभर मशीन. आई लवकर गेली, त्यामुळे ताईचं रागावणं आणि बाबांचं मशीन, घरात हे दोनच आवाज. मशीनची खडखड कपड्यातून, भिंतीतून, पाण्याच्या पेल्यातून यायची. ताई त्या खडखडीवर पाय हलवत अभ्यास करायची, तिला ताल सापडायचा. त्याला सापडला नाही. त्याने वेगळी युक्ती काढली. त्याने ते ऐकणंच बंद केलं. कानाला हात न लावता, कापूस न घालता. एक दिवस बाबांनी मशीन थांबवून त्याला तीन हाका मारल्या आणि त्याला तिन्ही ऐकू आल्या नाहीत, कारण मशीनबरोबर त्याने बाबांचा आवाजही गाळून टाकला होता. बाबा पडदा सारून आत आले, त्याच्याकडे बघत उभे राहिले, आणि "तीन हाका मारल्या," एवढंच म्हणून परत गेले. मग पुन्हा खडखड. हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंही नव्हतं.

बाबा बोलायचे कमी. त्यांचं सगळं उजव्या हाताच्या दोन बोटांत होतं. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की ते कापडाकडे बघायचे नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात त्याचा कोपरा धरून चोळायचे, डोळे दुसरीकडेच. खरं सुती असेल तर चोळत राहायचे, गिऱ्हाईक बोलत असायचं आणि हे आपले चोळतायत. नसेल तर दोनदा चोळून सोडून द्यायचे आणि म्हणायचे, "मिक्स." एवढाच शब्द. त्यावर वाद घालायची कोणाची छाती नव्हती. पहिला पगार झाला तेव्हा तो तयार शर्ट घालून घरी गेला. दारातच बाबांनी त्याची बाही चिमटीत धरली. त्यांच्या घरात कोणी कोणाला जवळबिवळ घ्यायची पद्धत नव्हती, एवढंच असायचं. दोनदा चोळली आणि सोडली. मिक्स म्हणाले नाहीत, ते त्यांनी पोराच्या पगाराला दिलेला मान म्हणायचा. पण सोडली ती त्याला कळली. त्यानंतरही तो तसेच शर्ट घेत राहिला. इस्त्री लागत नाही, हे कारण.

पाच महिन्यांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डोळ्यांना उजेड सोसेना, पडदा सरकवला तरी कण्हायचे, म्हणून खोलीत दिवसाही अंधार ठेवायचा. ताई आपलं घर सोडून तिथेच राहायला आली आणि त्याने कॅमेरा आणला, त्यांच्याच कंपनीचा, त्याच्याच फिल्टरचा. दिवा न लावता अंधारात बघणारा. दुसऱ्या कुठल्या कॅमेऱ्याचं तिथे काम नव्हतं. ताई म्हणाली होती, "तू येणार नाहीस, तुझा डबा येणार. बरं." तो म्हणाला, "ताई, मला इथून सगळं दिसेल." आणि दिसायचं. बाबांच्या चादरीच्या चुण्या दिसायच्या. तो दिवसातून सात-आठ वेळा बघायचा आणि प्रत्येक वेळी त्याला बरं वाटायचं. ते बाबांना बघून वाटतं की चित्र बघून, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता.

मग दीड महिन्यापूर्वी ताईचा फोन आला. "बारक्या, बाबा बोटं चोळतायत." उजव्या हाताची. दुपारी, खोलीत कोणी नसलं की. ती दारातून बघते, ती जवळ गेली की थांबतात. व्यायामवाल्या बाई रोज अर्धा तास येतात, त्यांच्यासमोर हात नुसता लाकूड. बाई म्हणाल्या, हलत असेल तर मला या हातावर मेहनत करता येईल, पण मला दिसायला तर पाहिजे. डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडे कॅमेरा आहे ना, दाखवा. ताईने वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या. मंगळवार, सव्वादोन ते दोन पस्तीस. त्याने त्या वेळेचं रेकॉर्डिंग काढलं, मोठं करून बघितलं, हळू करून बघितलं. हात दगडासारखा. बोटांच्या कडा थोड्या मऊ वाटल्या, पण ते लक्षात घेण्यासारखं नव्हतं. "ताई, काही नाही." "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." "अंधारात डोळे फसवतात. तुला हवंय म्हणून दिसतंय." हे तो शांतपणे बोलला. त्याने तेच रेकॉर्डिंग डॉक्टरांना पाठवलं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले की मग उजवा हात सोडून द्यायचा, वेळ डाव्यावर घालवायचा, उजवा आखडू नये म्हणून घट्ट पट्टीत कायमचा बांधून ठेवायचा. ताईने ते फोनवर ऐकलं. मग म्हणाली, "तुझ्या डब्याला नसेल दिसत." आणि त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, दुसराही कुठला फारसा काढला नाही. पट्टीचं माप मागच्या आठवड्यात देऊन झालं होतं. बसवायला माणूस आज पाच वाजता यायचा होता.

ऑफिसात तळमजल्यावर एक अंधारखोली आहे. आतून सगळी काळी, दाराला दोन पडदे, आणि ती ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना सगळे मावशी म्हणतात, सरसुद्धा. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या, हातात कायम एक मिणमिणती बॅटरी. प्रत्येक नवा फिल्टर त्यांच्या खोलीतून पास होऊन जातो. मावशींचा एक नियम आहे आणि तो साहेबलोकांनाही लागू आहे. खोलीत आलं की वीस मिनिटं गप्प बसायचं. डोळे अंधाराला सरावायला तेवढी लागतात. त्याआधी कोणी चित्राबद्दल बोललं तर त्या त्याला बाहेर काढतात. तो खाली गेला तेव्हा मावशी सफरचंद कापत होत्या.

"काय सफाई, जेवला नाहीस वाटतं."

"मावशी, तुमच्याकडे घड्याळ आहे? काट्यांचं."

"मनगटावरचं आहे. तू काय वेळ बघायला तीन जिने उतरून आलास?"

त्याने काय हवंय ते सांगितलं. मावशींनी घड्याळ काढून काळ्या टेबलावर उभं केलं, कॅमेरा समोर लावला, दिवे घालवले. मग दोघं बसले. वीस मिनिटं. एरवी या वीस मिनिटांत तो कोडचा विचार करायचा. आज तो नुसता बसला. अंधारात आधी काहीच नसतं, मग डोळ्यांसमोर बारीक काहीतरी वळवळायला लागतं, राखाडी, जांभळट. ते बाहेर नसतं, डोळ्यांचंच असतं. डोळासुद्धा पुटपुटतो. ताईला तो म्हणाला होता, अंधारात डोळे फसवतात. खरंच होतं ते. पण डोळे फसवतात ते नसलेलं दाखवून. असलेलं लपवायला कोणीतरी फार हुशार लागतो, असं त्याच्या मनात आलं, आणि ते त्याने मनातच नोंदवून ठेवलं, एखाद्या यंत्राचा बिघाड नोंदवावा तसं. समोर मावशींच्या घड्याळाची तबकडी हळूहळू उगवली. सेकंदकाटा तिच्यावर फिरत होता. मग मावशींनी स्क्रीन लावला. तबकडी स्वच्छ, आकडे स्वच्छ, दोन काटे. बास. सेकंदकाटा प्रत्येक जागी एक सेकंद थांबत होता, आणि एक सेकंद म्हणजे फिल्टरच्या हिशेबात येऊन जाणारा दाणा.

"हे कधीपासून?" मावशींनी विचारलं.

"आठ महिने."

"आणि मी पास केलं." बॅटरीच्या उजेडात मावशींनी परीक्षेचा कागद काढला. त्यांच्या खोलीतल्या परीक्षेला एक छापील तक्ता असतो, राखाडी चौकोनांचा. एक लोकरीचा गुंडा असतो. एक बाहुलीचं डोकं असतं, केसांसाठी. आणि एक खेळण्यातलं चाक होतं, मोटरवर फिरणारं. त्या चाकाची मोटर वर्षापूर्वी जळली होती. नवी मागवायची राहून गेली. कागदावर 'हलती वस्तू' या ओळीपुढे तेव्हापासून प्रत्येक वेळी 'लागू नाही' असं लिहिलेलं होतं. अक्षर त्याचं होतं.

"माझ्या खोलीत काहीच हलत नाही, म्हणून तुझा फिल्टर पहिला येतो," मावशी म्हणाल्या. "मी हे तुला चेष्टेत म्हणालेही होते एकदा."

"आठवतंय."

"तू हसला होतास."

तेही त्याला आठवत होतं. त्याने पेन मागितलं, शेवटच्या कागदावरचं 'लागू नाही' खोडलं आणि पुढे 'नापास' लिहिलं, सही केली. फिल्टरची नवी आवृत्ती उद्या दोन इस्पितळांना जायची होती. मावशी म्हणाल्या, सरांना मी सांगते, तू आधी घरी फोन लाव. घरच्या घड्याळाबद्दल त्याने त्यांना फक्त एक वाक्य सांगितलं होतं. बाकीचं त्यांना कसं कळलं कोण जाणे. कदाचित त्या अंधारात बघायला सरावल्या होत्या. त्याने फोन लावला नाही. काय सांगायचं, हे वाक्य त्याला जुळवता येईना. तू बघितलंस ते खरं होतं, असं म्हणायलासुद्धा त्याच्याकडे पुरावा नव्हता. पुरावा त्याने पुसला होता, आणि तोही रोजच्या रोज. कॅमेरा स्वच्छ झालेलं चित्रच तेवढं साठवतो, कारण दाणे साठवायला जागा फार लागते. मंगळवारची ती वीस मिनिटं आता कुठेच नव्हती. जगात ती फक्त ताईने बघितली होती.

बाबांच्या घरी जाणाऱ्या बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली. दुपारची वेळ, बस अर्धी रिकामी. समोरच्या सीटवर एक बाई झोपलेल्या बाळाला घेऊन बसली होती आणि बाळाचे ओठ झोपेत दूध प्यायल्यासारखे हलत होते. अगदी थोडे. तो बघत राहिला. मग त्याची नजर कंडक्टरच्या गालावर गेली, तिथे एक शीर उडत होती. मग आपल्याच बुटाच्या सुटलेल्या लेसवर, जी इंजिनाबरोबर थरथरत होती. सगळीकडे थोडं थोडं काहीतरी हलत होतं, आणि हे असंच असणार, आधीही असंच असणार. त्याला त्याचं विशेष काही वाटलं नाही. फक्त उतरायच्या थांब्यापर्यंत डोळे मिटता आले नाहीत.

साडेतीनला त्याने बेल दाबली. ताईने दार उघडलं, त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या मागे बघितलं, जणू आणखी कोणी आलंय.

"नोकरी गेली का?"

"नाही."

"मग आजारी आहेस."

"नाही, ताई. कॅमेरा बघायला आलोय."

"बघ. तोच तेवढा तुझा नातेवाईक," म्हणत ती आत वळली. तिच्या खांद्यावर ओला टॉवेल होता. पाठीत ती जरा वाकली होती, हे त्याला कॅमेऱ्यात कधी दिसलं नव्हतं, कारण कॅमेऱ्यात ती नेहमी बाबांवर वाकलेलीच असायची.

त्याने बाहेरच्या खोलीत लॅपटॉप उघडला, आणि कंपनीच्या लोकांना ठाऊक असतं त्या आडवाटेने कॅमेऱ्यात शिरून फिल्टर बंद केला. चित्र फुटलं. वारुळ उकरावं तसे दाणे सगळीकडून बाहेर आले. पलंग कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते कळेना. ताई त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती.

"हे काय, मुंग्या?"

"हे खरं चित्र. मी पुसायच्या आधीचं."

"यात तर बाबाच दिसत नाहीत."

"हो." त्याने लॅपटॉपकडे बघतच सांगितलं, कारण तिच्याकडे बघून सांगता आलं नसतं. "ताई, घड्याळाचा सेकंदकाटा दिसत नाही माझ्या चित्रात. मी आज बघितलं. बारीक हलणारं सगळं माझा फिल्टर पुसतो. बाबांचं बोट हललं असेल तर तेही पुसलं असेल. मी डॉक्टरांना पाठवलं ते..."  पुढे चारच शब्द होते, कठीणही नव्हते, ते राहिले.

ताईने टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली. "आणि आता या मुंग्यांत बोट दिसेल?"

"नाही. यातही नाही दिसणार."

"मग पाचला तो पट्टीवाला येईल त्याला मी काय दाखवू? मुंग्या?"

तिचा आवाज चढला नव्हता. दीड महिन्यापूर्वीच चढून, उतरून बसला होता. तो उठला. पावणेचार झाले होते. "मी आत बसतो," तो म्हणाला. "वीस मिनिटं कोणी येऊ नका. मग बघू."

"वीसच का?"

"आमच्याकडे नियम आहे."

खोलीत औषधांचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. चित्राला वास नसतो, त्यामुळे तो विसरला होता. आतून दार लावल्यावर काही दिसेना. त्याने चाचपडत स्टूल शोधलं, पलंगाच्या उजव्या बाजूला ठेवलं आणि बसला. बाबांचा श्वास ऐकू येत होता, जरा अडखळत, आणि वर घड्याळ. टक. टक. बाबा जागे आहेत की झोपलेत कळायला मार्ग नव्हता. "बाबा, मी आहे," तो म्हणाला. मग त्याला वाटलं, याला काय अर्थ, मी म्हणजे कोण हे त्यांना आवाजावरून कळलंच असेल. त्याला मात्र एकेकाळी आवाजावरूनही कळलं नव्हतं. तीन हाका. काय सांगायला मारल्या होत्या कोण जाणे. कात्री दे, असेल. दिवा लाव, असेल. डोळ्यांसमोर राखाडी वळवळ सुरू झाली होती, ती त्याने होऊ दिली. हळूहळू चादर अंधारातून वर आली, मग तिच्यावर हात. हात हलत नव्हता. हलत असला तरी एवढ्या अंधारात त्याला शपथेवर सांगता आलं नसतं.

मग त्याने शर्टाचा खालचा कोपरा पँटीतून बाहेर ओढला आणि पुढे वाकून बाबांच्या अंगठ्यात आणि बोटात ठेवला. आपला हात काढून घेतला, कारण आपल्या हाताची नाडी त्यात मिसळली असती. असं वाकून बसायला त्रास होत होता. शर्ट पोटावर ताणला गेला होता आणि त्याला कापडातून फक्त आपलाच श्वास कळत होता. वर गेला, खाली आला. तो त्याने वजा केला. मग काही नाही. टक, टक. मग पोटाशी कापड ओढलं गेलं. इतकं थोडं, की सुईने टाका काढावा तेवढं. पुन्हा एकदा. आणि मग कोपरा चिमटीतून सुटला आणि चादरीवर पडला.

तो तसाच वाकून राहिला. एकदा झालेलं खरं मानायचं नसतं. त्याने कोपरा पुन्हा ठेवला. बराच वेळ गेला. दोनदा ओढ, आणि सुटला. मग त्याने शर्ट बाजूला घेतला आणि बाबांच्याच चादरीची कड उचलून तिथे दिली. चादर जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली, बाबांनीच कधीतरी दुकानातल्या ताग्यातून कापून शिवलेली. दुसऱ्या टोकाला त्याने कड आपल्या ओठांत धरली, कारण बोटांपेक्षा ओठांना जास्त कळतं. चादर चोळली जायला लागली. हळू, मध्ये थांबत, पण थांबून परत. घड्याळाचे टक त्याने मोजले. चाळीस झाले, साठ झाले, चोळणं चालू होतं. जुन्या सुताची चव त्याच्या तोंडात आली होती. शंभरापर्यंत तो मोजत होता, पुढे मोजायचं राहिलं.

दार थोडं उघडलं. ताई फटीत उभी होती, प्रकाश आत येऊ नये म्हणून पदर दाराला लावून.

"वीस झाली," ती कुजबुजली. "काही आहे?"

त्याने ओठांतली कड सोडली. "हा शर्ट त्यांना पसंत नाही."

"कुठला?"

"माझा. दोनदा चोळून सोडला. दोन वेळा दिला, दोन्ही वेळा सोडला. चादर धरून बसलेत."

ताई आत आली, स्टुलाशी थांबली. तिथेच उभी राहून तिने अंधारात त्याच्या बाहीला हात लावला, ती स्वतः चिमटीत धरली. "मिक्स आहे रे," ती म्हणाली, आणि तिच्या नाकातून एक आवाज आला, हसल्याचा असावा. मग ती गेली. बाहेरच्या खोलीत फोनची बटणं दाबल्याचं ऐकू आलं, मग तिचा व्यायामवाल्या बाईंशी बोलतानाचा तो जरा मोठा आवाज.

तो उठला नाही. वर कोपऱ्यात कॅमेरा होता. रेकॉर्डिंगमध्ये आज काय दिसेल ते त्याला पाठ होतं. फिल्टर चालू असता तर एक पलंग, एक स्टूल, एक तरुण माणूस म्हाताऱ्या माणसाच्या हातावर का कोण जाणे तोंड टेकून बसलेला, आणि तो हात शांत. बंद आहे म्हणून नुसत्या मुंग्या. दोन्हींतलं काही कोणाला पाठवण्यासारखं नव्हतं. पलंगाच्या वर भिंतीवर घड्याळाची तबकडी आता नीट दिसत होती आणि तिच्यावर काळा काटा एकेक घर पुढे सरकत होता.

"नाही बाई, कॅमेऱ्यात नाही आलं," बाहेर ताई सांगत होती. "हो, पट्टी आज नको, मी त्याला परत पाठवते. तुम्ही उद्या या. नाही, माझं सोडा. माझ्या भावाने बघितलंय."

बघितलं नव्हतं त्याने. एवढ्या अंधारात काही दिसलंच नव्हतं. एरवी त्याने आतून ओरडून ते दुरुस्त केलं असतं. चादरीची कड त्याच्या गुडघ्यावर आली होती आणि तिथे अजून हलत होती. त्याने पाय हलवला नाही.